देवणीचा वळू आणि कॅमेऱ्याची मुळाक्षरे

विद्यार्थिमित्रांनो, एक काम तुमच्यावर सोपवले आहे असे समजा.

तुम्ही लातूर जिल्ह्यातील देवणीच्या एका शाळेत नववीत शिकत आहात. मुंबईच्या एका शाळेतील मुलांसाठी तुम्हाला तीन मिनिटांचा एक चित्रपट तयार करायचा आहे. विषय आहे देवणी जातीची जनावरे. त्या मुलांनी ती कधी पाहिलेली नाहीत. चित्रपट पाहून झाला की त्यांच्यापुढे दहा जनावरांची छायाचित्रे ठेवली जातील. त्यांतले देवणी कोणते आणि ते वानेरा, बालंक्या की शेवरा, हे त्यांनी ओळखायचे. त्यांना ओळखता आले तर तुमचा चित्रपट उत्तीर्ण झाला. नाही आले, तर पुन्हा गोठ्यात जायचे!

देवणी हा उदगीरच्या शेजारचा, कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या सीमेलगतचा तालुका. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही जात लातूर, नांदेड, परभणी आणि सीमेपलीकडे बीदर या भागांत सांभाळली जाते. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून ती सुमारे दोनशे वर्षांत घडली असे मानतात. गाय दुधासाठी आणि बैल शेतकामासाठी, अशी ही दुहेरी उपयोगाची जात आहे. फुगीर कपाळ आणि लांब, लोंबते कान ही तिची खूण. रंगावरून तिचे तीन प्रकार करतात. अंग पांढरे व तोंड काळे तो वानेरा. अंग पांढरे, पण खालच्या भागावर काळे ठिपके तो बालंक्या. आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके वाटेल तसे विखुरलेले तो शेवरा.

काम सोपे वाटते ना? घरातला मोबाइल घ्यावा, गोठ्यात शिरावे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन सगळे टिपावे, की झाले! पण असे चित्रण पडद्यावर पाहा. चित्र हिंदकळते. दावण, शेणाची पाटी, कोणाची तरी चप्पल, शेपटीचा गोंडा, पुन्हा दावण असे एकामागून एक येत राहते. तीन मिनिटांनी पाहणाऱ्याचे डोके गरगरते, आणि वानेरा कोणता हे त्याला सांगता येत नाही. तुम्ही तर सगळे दाखवले होते. मग चुकले कोठे?

एका जागेवरचा डोळा

कॅमेरा सुरू केल्यापासून तो बंद करेपर्यंत जे सलग चित्रण होते, त्याला शॉट म्हणतात. शब्द जसे अक्षरांचे, तसा चित्रपट शॉटचा बनतो. मात्र ही अक्षरे सुरुवातीला कोणालाच येत नव्हती.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली. त्यानंतर थोड्याच काळात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती टिपली. त्या काळची अशी चित्रे बहुधा एकाच जागेवरून घेतलेली असत. जत्रेच्या फडात पुढची जागा पकडून बसलेला प्रेक्षक जसा उठत नाही, तसा कॅमेराही उठत नसे. पैलवानाच्या कपाळावरचा घाम पाहायचा असेल तर जवळ जावे लागेल, हे लोकांना हळूहळू कळत गेले. कॅमेरा जवळ जाऊ लागला, दूर जाऊ लागला, खाली वाकला, वर चढला. प्रत्येक वेळी तो वेगळे काही तरी सांगू लागला.

फाळक्यांची कुंडी

आपल्याकडे या शिक्षणाची एक फार सुंदर गोष्ट आहे. १९११ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपणही चित्रपट काढायचा असे ठरवले. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेथील स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. पण नवख्या माणसाच्या चित्रपटासाठी पैसे कोण देणार? आधी काही तरी करून दाखवायला हवे होते.

तेव्हा फाळक्यांनी वाटाण्याची निवड केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढत असताना सुमारे महिनाभर एकेक चित्र टिपत राहिले. ती सर्व चित्रे पडद्यावर भराभर सरकली, तेव्हा माती फोडून वर येणारा आणि डोळ्यांदेखत वाढणारा अंकुर लोकांना दिसला. महिन्याची वाढ एखाद्या मिनिटात! या छोट्या चित्रपटाने पैसे देणाऱ्याची खात्री पटली आणि पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला.

यातले गणित करून पाहा. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवत असे धरले, तर एका मिनिटाला १६ × ६० = ९६० चित्रे लागतील. तीस दिवसांत ती घ्यायची तर दिवसाला ३२. म्हणजे अहोरात्र दर पाऊण तासाला एक चित्र!

पण गणितापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. फाळक्यांनी कॅमेरा हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न ठरवला होता: रोप वाढते तरी कसे? मग कॅमेरा कोठे ठेवायचा, किती अंतरावर ठेवायचा आणि किती वेळाने चित्र घ्यायचे, हे सारे त्या प्रश्नावरूनच ठरते. कॅमेरा हलला तर वाढ कळणार नाही, म्हणून तो एका जागी हवा. कुंडी चौकटीच्या तळाशी हवी, कारण रोप वर वाढणार आहे. शॉट हे नेहमी कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न नसला की तो गोठ्यातल्या फेरफटक्यासारखा होतो.

पुठ्ठ्याचा कॅमेरा

आता सराव सुरू करू. त्यासाठी मोबाइलही नको. एक जाड पुठ्ठा घ्या आणि त्यात १६ सें.मी. रुंद व ९ सें.मी. उंच अशी खिडकी कापा. मोबाइलच्या आडव्या चित्राचे प्रमाण बहुधा असेच असते. पुठ्ठ्याला एक दोरा बांधा आणि पुठ्ठ्यापासून १५, ३० व ६० सें.मी. अंतरांवर गाठी मारा. एक डोळा मिटा. पहिली गाठ उघड्या डोळ्याखालच्या हाडावर धरा आणि दोरा ताणून खिडकीतून पाहा. नंतर दुसऱ्या गाठीने पाहा, मग तिसऱ्या.

समोर १० मीटरवर एक बैल बांधला आहे असे समजा. पहिल्या गाठीने तुम्हाला सुमारे १०.७ मीटर रुंदीचा भाग दिसेल. बैल लहानसा आणि भोवती गोठा, झाड, कडब्याची गंजी. दुसऱ्या गाठीने ५.३ मीटर रुंदी दिसेल. तिसऱ्या गाठीने फक्त २.७ मीटर, म्हणजे बैलानेच चौकट भरून जाईल. समरूप त्रिकोणांचा धडा तुम्ही शिकला आहात. खिडकीची रुंदी भागिले तिचे डोळ्यापासूनचे अंतर, गुणिले बैलाचे अंतर. उत्तर ताडून पाहा.

कॅमेऱ्यातही हेच घडते. खिडकीच्या जागी प्रकाश टिपणारा संवेदक असतो आणि दोऱ्याच्या जागी भिंगाचे नाभीय अंतर. नाभीय अंतर वाढले की दिसणारा कोन लहान होतो आणि वस्तू मोठी दिसते. तुमच्या तीन गाठींचे कोन अनुक्रमे सुमारे ५६, ३० आणि १५ अंश आहेत.

या चौकटीतून पाहता पाहता शॉटची पहिली चार नावे शिकून घ्या. जनावर लहान आणि परिसर मोठा, तो लाँग शॉट किंवा दूरदृश्य. 'हे कोठे आहे?' या प्रश्नाचे तो उत्तर देतो. खुरांपासून शिंगांपर्यंत सबंध जनावर चौकटीत मावते, तो फुल शॉट किंवा पूर्णदृश्य. 'हे कसे आहे?' याचे उत्तर त्यात मिळते. माणूस कमरेपासून वर दिसतो, तो मिड शॉट किंवा मध्यदृश्य. 'हा काय करतो, काय बोलतो?' हे त्यात कळते. आणि नुसता चेहरा, कान किंवा खूर चौकट भरून दिसतो, तो क्लोज-अप किंवा समीपदृश्य. 'नेमके काय पाहू?' असे विचारणाऱ्याला तो बोटाने दाखवतो.

जनावरच शॉट ठरवते

आता आपल्या कामाकडे वळू. वानेऱ्याची खूण त्याच्या तोंडावर आहे. दूरदृश्यात ते तोंड चण्याएवढे दिसेल. म्हणून आधी पूर्णदृश्यात पांढरे अंग दाखवा, लगेच समीपदृश्यात काळा चेहरा. दोन शॉट मिळून एक वाक्य झाले: अंग पांढरे, तोंड काळे.

बालंक्याची गंमत निराळी आहे. त्याचे ठिपके अंगाच्या खालच्या भागावर असतात. तुम्ही उभे राहून छातीच्या उंचीवरून चित्र घेतले तर पाठ आणि वशिंड छान येईल, पण नेमकी खूणच झाकली जाईल. पाहणारा त्याला निव्वळ पांढरे जनावर समजेल. येथे कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणायला हवा. खालून वर पाहणाऱ्या अशा शॉटला लो अँगल म्हणतात. सिनेमात नायक रुबाबदार दिसावा म्हणून तो वापरतात. आपल्याला तो पोटाखालचे ठिपके दाखवण्यासाठी हवा आहे.

शेवऱ्याचे ठिपके कसेही विखुरलेले असतात, तेव्हा त्याची डावी बाजू उजवीसारखी असेलच असे नाही. त्याच्या दोन्ही बाजू दाखवाव्या लागतील. म्हणजे तीन प्रकारांना तीन तऱ्हेचे शॉट लागले. ते कॅमेऱ्याच्या पुस्तकाने ठरवले नाहीत, जनावराच्या अंगावरच्या खुणांनी ठरवले.

येथे एक सूचना. वळूजवळ कधीही एकट्याने जाऊ नका. मालक शेजारी असल्याशिवाय आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय चित्रण करायचे नाही. जनावराच्या मागे उभे राहू नका आणि फ्लॅश मारू नका. वळूचा क्लोज-अप हवा असेल तर दूरच राहा आणि झूम वापरा. बऱ्याच मोबाइलमध्ये झूम वाढवताना चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो, त्यामुळे बारकावे थोडे कमी होतात. होऊ द्या. हातपाय शाबूत राहणे जास्त महत्त्वाचे!

पांढऱ्या अंगाची आणि काळ्या तोंडाची भानगड

वानेऱ्याचे चित्र भर दुपारी उन्हात घेऊन पाहा. अंग नीट आले तर तोंड कोळशाच्या गोळ्यासारखे येते, त्यात डोळासुद्धा सापडत नाही. तोंड नीट आले तर अंग चुन्याने सारवल्यासारखे सपाट पांढरे होते. असे का?

पांढरी कातडी तिच्यावर पडलेला बराचसा प्रकाश परावर्तित करते, काळी कातडी बराचसा शोषून घेते. कडक उन्हात या दोहोंतला फरक फार मोठा होतो. आपला डोळा अंगावरून तोंडाकडे वळतो तेव्हा बाहुली आणि दृष्टिपटल स्वतःला सावरून घेतात, त्यामुळे आपल्याला काही जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र एकाच चित्रात दोन्ही सांभाळावे लागतात आणि त्याची झेप डोळ्याइतकी नसते.

यावर उपाय साधा आहे. जनावर लिंबाच्या दाट सावलीत उभे करायला सांगा, किंवा सकाळी लवकर चित्रण करा. सावलीत प्रकाश चहूबाजूंनी सारखा येतो आणि फरक कमी होतो. बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर जेथे बोट टेकवाल, त्या भागाला धरून उजेडाचे माप ठरते. तेव्हा समीपदृश्य घेताना बोट काळ्या तोंडावर टेकवा. तुमचा प्रश्न तोंडाविषयी आहे, पाठीविषयी नाही.

वासरू वळूपेक्षा मोठे!

समजा, १४० सें.मी. उंचीचा वळू कॅमेऱ्यापासून ८ मीटरवर आहे आणि ७० सें.मी. उंचीचे वासरू २ मीटरवर. चित्रातली उंची ही खऱ्या उंचीला अंतराने भागून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असते. वळूसाठी १४० ÷ ८ = १७.५ आणि वासरासाठी ७० ÷ २ = ३५. म्हणजे चित्रात वासरू बापाच्या दुप्पट उंच!

आता दोघांना तेथेच राहू द्या. तुम्ही मागे सरका, इतके की वासरू २० मीटरवर आणि वळू २६ मीटरवर येईल. वासरासाठी ३.५, वळूसाठी सुमारे ५.४. वळू पुन्हा मोठा झाला. दोघे हलले नाहीत, फक्त कॅमेरा हलला. म्हणूनच आकाराची तुलना दाखवायची असेल तेव्हा जनावरे एका रेषेत, कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर उभी करावीत आणि शेजारी एक काठी धरावी. तिच्यावर दर १० सें.मी.ला आळीपाळीने काळा-पांढरा पट्टा रंगवा. पाहणाऱ्याला तुमच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही, तो स्वतः मोजू शकेल.

न दिसणारी रेषा

एक बैल गोठ्यातून निघून हाळावर पाणी प्यायला जातो आहे. पहिल्या शॉटमध्ये तो डावीकडून उजवीकडे चालतो. मग तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलात आणि दुसरा शॉट तेथून घेतला. आता पडद्यावर तो उजवीकडून डावीकडे चालताना दिसेल. पाहणाऱ्याला वाटेल, पाणी न पिताच परत फिरला की काय!

म्हणून बैलाच्या चालण्याच्या दिशेने जमिनीवर एक रेषा आहे अशी कल्पना करा. सर्व शॉट त्या रेषेच्या एकाच बाजूने घ्या. रेषेच्या एका बाजूला १८० अंशांचे अर्धवर्तुळ असते, त्यात कोठेही फिरा. मग शेवऱ्याच्या दोन्ही बाजू कशा दाखवायच्या? त्याची युक्ती अशी की तुम्ही जागा सोडू नका. मालकाला जनावर हळूहळू वळवायला सांगा आणि ते वळत असताना चित्रण चालू ठेवा. वळणे डोळ्यांसमोर घडले की पाहणारा गोंधळत नाही.

कोणता पाय आधी?

काही प्रश्नांची उत्तरे तुकड्यांनी देता येत नाहीत. चालताना बैल कोणत्या क्रमाने पाय उचलतो? हे तुम्ही आयुष्यभर पाहिले आहे. सांगा पाहू!

अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये अशाच एका प्रश्नासाठी शर्यतीच्या मार्गाकडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले. घोडा दौडत गेला आणि एकामागून एक चित्रे निघाली. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्या चित्रांनी दाखवून दिले. नुसत्या डोळ्यांना हे ठरवता येत नव्हते.

तुमच्या मोबाइलचा एक सलग शॉट यासाठी पुरेल. कॅमेरा विटांच्या चळतीवर पक्का ठेवा. बैल कॅमेऱ्यासमोरून आडवा जाऊ द्या. चारही खूर आणि जमीन चौकटीत आली पाहिजेत. मध्ये शॉट तोडायचा नाही. मग चित्रण संथ गतीने चालवा आणि क्रम वहीत लिहा. उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे, पण आधी स्वतः पाहा.

दोन खरी चित्रे, एक खोटी गोष्ट

सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने तीन वेगवेगळ्या चित्रांशी जोडला. त्यांत एक सूपाची वाटी होती आणि एक शवपेटी. चेहऱ्याचे चित्र प्रत्येक वेळी तेच होते. तरी पाहणाऱ्यांना वाटीनंतर त्यात भूक दिसली आणि शवपेटीनंतर दुःख. दोन शॉट शेजारी आले की त्यांच्यातला संबंध आपले मन स्वतःच जोडून टाकते.

ही शक्ती मोठी आहे, म्हणून ती जपून वापरायची. एका गाईचा चेहरा दाखवलात आणि पुढच्या शॉटमध्ये दुधाने काठोकाठ भरलेली बादली. पाहणारा म्हणेल, काय दूध देते ही गाय! ती बादली शेजारच्या चार म्हशींची असली तरी त्याला कसे कळावे? तुम्ही तोंडाने एक अक्षरही खोटे बोलला नाहीत, पण पाहणारा खोटे समजून उठला. विज्ञानाच्या वहीत निरीक्षण बदलून लिहिणे जसे चूक, तसेच हे. ज्या गाईचा चेहरा, तिचीच बादली दाखवावी. ते जमत नसेल तर बादली वगळावी.

आधी कागदावर

आता चित्रपट कागदावर काढू. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद.

१. माळावर चरणारी जनावरे: दूरदृश्य, १५ सेकंद.
२. एक जनावर बाजूने, शेजारी पट्ट्यांची काठी: पूर्णदृश्य, १५ सेकंद.
३. फुगीर कपाळ आणि लोंबते कान: समीपदृश्य, १० सेकंद.
४. वानेरा, सबंध: पूर्णदृश्य, १० सेकंद.
५. वानेऱ्याचे काळे तोंड: समीपदृश्य, १५ सेकंद.
६. बालंक्या, सबंध: पूर्णदृश्य, १० सेकंद.
७. बालंक्याचे पोटाखालचे ठिपके: कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, १५ सेकंद.
८. शेवरा, डावी बाजू, वळणे, उजवी बाजू: सलग पूर्णदृश्य, ३० सेकंद.
९. बैलाची चाल: सलग पूर्णदृश्य, २० सेकंद.
१०. जनावरे सांभाळणाऱ्या जुन्या माणसाचे बोलणे: मध्यदृश्य, २५ सेकंद.
११. तिन्ही प्रकार एका रेषेत: पूर्णदृश्य, १५ सेकंद.

बेरीज करून पाहा, १८० येते. दहाव्या शॉटविषयी थोडे सांगतो. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे ही जनावरे पाळली, अशी माणसे तुमच्या गल्लीतच असतील. त्यांना वरून खाली पाहत चित्र घेऊ नका. ते बाजेवर बसले असतील तर तुम्हीही खाली बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ द्या. वाऱ्याच्या आवाजात बोलणे बुडते, म्हणून मोबाइल हातभर अंतरावर असावा. 'हो-नाही'त उत्तर येईल असे विचारू नका. "मामा, लांबूनच तुम्ही कसं ओळखता?" असे विचारा आणि गप्प बसा. पुस्तकात न लिहिलेल्या खुणा तेव्हाच बाहेर येतील. हे ज्ञान त्यांच्या डोळ्यांत आहे आणि ते टिपून ठेवणारे तुम्हीच आहात.

शाळेचा प्रकल्प तो काय, त्याला कोण विचारतो, असे मनात आणू नका. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर गाव आहे. तेथले नागराज मंजुळे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेत होते. तेथे अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, पण परिस्थितीने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची ती गोष्ट. २०१० सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या लघुपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या कृतीसाठीचा पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' त्यांनीच केले. जवळचे जग नीट पाहून केलेला विद्यार्थ्याचा प्रकल्प किती दूर पोचू शकतो, हे यावरून दिसते.

परीक्षा

चित्रपट तयार झाला की आधी दुसऱ्या वर्गाला दाखवा आणि दहा छायाचित्रांची परीक्षा घ्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारीचे एखादे छायाचित्र त्यांत मुद्दाम मिसळा. कोणते उत्तर जास्त मुलांचे चुकले ते मांडा. बालंक्या चुकला तर सातवा शॉट पुन्हा घ्या. शेवरा चुकला तर आठवा. चूक मुलांची नाही, शॉटची आहे.

मग तोच चित्रपट त्या जुन्या जाणत्या माणसांना दाखवा. "अरे, हे दाखवलं, पण ते राहिलंच की!" असे ते हमखास म्हणतील. तो तुमचा बारावा शॉट.

(बैलाच्या चालीचे उत्तर: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. तुमच्या वहीत सुरुवात दुसऱ्या पायापासून झाली असेल तर बिघडत नाही, चक्र तेच आहे ना ते पाहा. आणि वेगळे आले तर चित्रण पुन्हा संथ गतीने तपासा.)